लाल गोल, हिरवा गोल

"मॅडम, गुरुवारी ऑपरेशन आहे. तुमची फक्त एक सही हवी," असं म्हणत दीपालीने फाइल माझ्या टेबलावर ठेवली. सोमवार होता, सकाळचे साडेदहा. मी अजून डब्याची पिशवीसुद्धा कपाटात ठेवली नव्हती.

"कसलं ऑपरेशन?"

"दोन्ही ओव्हरीज काढायच्यात. डॉक्टर म्हणाले, जेनेटिक काउन्सेलरचं लेटर आणा. फॉर्मॅलिटी आहे म्हणाले."

मी परळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात जेनेटिक काउन्सेलर आहे. आधी बरीच वर्षं लॅबमध्ये होते, मग माणसांशी बोलायच्या कामाला लागले. काम म्हणजे काय, तर जे आजार रक्ताच्या नात्यातून येतात त्यांच्या तपासणीआधी आणि तपासणीनंतर माणसाला समोर बसवायचं. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय, काय लिहिलेलं नाही, आणि त्यावर आता काय करायचं, हे त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं. एका बैठकीला तास लागतो, कधी दीड. माझ्या कामाला फॉर्मॅलिटी म्हणणारे मला नवे नाहीत. पण बत्तीस वर्षांच्या बाईच्या ओव्हरीज काढायला निघालेला सर्जन तो शब्द वापरतो, म्हटल्यावर माझं डोकं फिरलं.

"मुलं किती?" मी विचारलं.

"नाहीत अजून. ट्रीटमेंट चालू होती." ती खाली बघत होती. "आई म्हणाल्या, मूल नसलं तरी चालेल, तू राहा."

आई म्हणजे तिच्या सासूबाई. दीपाली भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या चाळीत राहते. नवरा संदेश शिवडीला एका गोदामावर सुपरवायझर. त्या दिवशी तिच्यासोबत तिची नणंद वैशाली आली होती. चाळिशीच्या आतबाहेरची, तोंडाने फटकळ, लालबागला दिलेली. माहेर चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे ती दिवसातून एकदा तरी तिथे असतेच.

"आम्ही दोघींनी एकाच दिवशी टेस्ट केली, मॅडम," वैशाली म्हणाली. "नवरात्रात मंडळाच्या हॉलमध्ये महिलांसाठी शिबिर होतं. थुंकी द्यायची नळीत, बस. माझा हिरवा आला, हिचा लाल. मी तर स्टेटसला ठेवला होता." तिने फोन काढून मला दाखवला. पडद्यावर मोठा हिरवा गोल, त्यात 'लो रिस्क'. खाली हात जोडलेले, आणि देवीचा फोटो.

मी तो नीट बघितलासुद्धा नाही. माझं लक्ष लाल गोलाकडे होतं.

दीपालीचा रिपोर्ट सव्वीस पानांचा होता. गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर हसऱ्या बाईचा फोटो आणि ताटलीएवढा लाल गोल, 'हाय रिस्क'. मग आहार, योगासनं, पाणी किती प्यावं. मी पानं उलटत गेले. मला हवी होती ती ओळ सतराव्या पानावर सापडली, मुंगीएवढ्या अक्षरात.

ती ओळ समजायला थोडं सांगावं लागेल. ब्रॅका-वन आणि ब्रॅका-टू अशी दोन जीन्स आपल्या सगळ्यांत असतात. पेशींमध्ये मोडतोड झाली की ती दुरुस्त करायचं त्यांचं काम. त्यांतलं एखादं बिघडलेलं असेल तर बाईला स्तनाचा आणि ओव्हरीचा कॅन्सर व्हायची शक्यता खूप वाढते. पण जीनमध्ये फरक सापडला म्हणजे ते बिघडलं असं नाही. आईने लिहून दिलेल्या पाककृतीत 'एक कांदा'च्या जागी 'एक मोठा कांदा' झालं तर आमटीचं काही बिघडत नाही. मिठाच्या जागी साखर झाली तर बिघडतं. आणि काही फरक असे असतात की आमटी बिघडेल की नाही हे आज कोणालाच माहीत नसतं. अशा फरकाला आमच्या भाषेत व्हीयूएस म्हणतात, अर्थ न कळलेला बदल. त्यावर कुठलंही ऑपरेशन करायचं नसतं. थांबायचं, आणखी माहिती मिळवायची. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे.

सतराव्या पानावर लिहिलं होतं, ब्रॅका-टू, व्हीयूएस.

तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, तो बदल खरोखर बिघाड असता तरी ब्रॅका-टूवाल्या बाईच्या ओव्हरीज बत्तिसाव्या वर्षी कोणी काढत नाही. आधी मुलं होऊ देतात, तोवर तपासण्या चालू ठेवतात, काढायच्या त्या चाळिशीत. पण हे तिला सांगायला कोणी होतंच कुठे?

"तुला हा रिपोर्ट कोणी समजावला?"

"फोन आला होता कंपनीतून. सात-आठ मिनटं बोलल्या त्या. हिंदीत. म्हणाल्या, डरने की बात नहीं, हमारे पार्टनर डॉक्टर से मिल लो. मग त्या पार्टनर डॉक्टरकडे गेलो."

म्हणजे चाचणी त्यांची, फोन त्यांचा, सर्जनही त्यांचाच.

पण एक गोष्ट मला कळेना. व्हीयूएसला लाल गोल का दिला? कितीही भंगार कंपनी असली तरी तिच्या सॉफ्टवेअरला काहीतरी कारण लागतं. शेवटच्या पानांवर तिने शिबिरात भरलेल्या फॉर्मची प्रत होती. फॅमिली हिस्टरी ऑफ कॅन्सर, यस. नातेवाईक दोन. एक स्तनाचा, एक ओव्हरीचा. दोघी पन्नाशीच्या आत गेलेल्या. तेव्हा मीसुद्धा जरा थबकले. घरात असा इतिहास असेल तर गोष्ट बदलते.

मी कोरा कागद घेतला. आमच्या कामात हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, रक्ताच्या नात्याच्या रेषा, आणि कॅन्सर झालेल्याचा गोल काळा करायचा. मी मध्ये दीपालीचा गोल काढला, शेजारी संदेशचा चौकोन.

"कोणाकोणाला झाला होता?"

"दोन मावश्यांना."

मी दीपालीच्या डोक्यावर तिच्या आईचा गोल काढला. आईशेजारी दोन मावश्या काढल्या, दोन्ही काळ्या केल्या. "थोरली मावशी कुठे असायची?"

"मालवणला. दोघी तिकडेच. मी एकीला पाहिलंय, लग्नात. दुसरी माझ्या लग्नाआधीच गेली."

पेन तसंच हातात राहिलं. "एकीला लग्नात पाहिलं म्हणजे? स्वतःच्या सख्ख्या मावशीला तू लग्नात पहिल्यांदा पाहिलंस?"

"माझ्या नाही हो मॅडम. ह्यांच्या. माझ्या मावससासवा."

मी शांतपणे विचारलं, "फॉर्मवर तू ह्यांच्या मावश्या लिहिल्यास?"

दीपालीला प्रश्नच कळला नाही. "टेबलावरच्या बाईने विचारलं, घरात कोणाला कॅन्सर झालाय का. आमच्या घरात ह्याच दोघींना झाला. आई अजून त्यांचं श्राद्ध घालतात. मग काय सांगणार?"

"आणि माहेरी?"

"माहेरी कोणाला नाही. पण माहेरचं कशाला सांगू? लग्नाला आठ वर्षं झाली माझ्या."

चूक तिची नव्हती. ती माझ्या आईने केली असती, माझ्या सासूने केली असती, गिरणगावातल्या कुठल्याही खोलीतल्या बाईने केली असती. लग्न झालं की घर म्हणजे सासर. हळदीकुंकवाला नाव घेताना, रेशनकार्डावर, मतदारयादीत, सगळीकडे आपण तिला हेच शिकवतो. पण रक्ताला हे कोणी सांगितलेलं नसतं. सासूच्या बहिणींचा कॅन्सर सुनेच्या अंगात येत नाही. शिबिरातल्या बाईने 'फॅमिली'चं 'घर' केलं, हिने प्रामाणिकपणे उत्तर दिलं, सॉफ्टवेअरने दोन मावश्यांचे मार्क टाकले आणि 'माहीत नाही'चा लाल गोल झाला. त्या लाल गोलावर गुरुवारी एका बाईचं पोट उघडणार होते.

मी रबर घेऊन दोन्ही काळे गोल खोडले. मग कागदाच्या दुसऱ्या बाजूला, संदेशच्या आईशेजारी ते पुन्हा काढले. काळे केले. आणि हात थांबला. संदेशच्या आईला मुलं दोन. एक चौकोन, संदेश. दुसरा गोल मी अजून काढलाच नव्हता. तो समोर खुर्चीत बसून फोनवर बोटं फिरवत होता.

"वैशाली," मी म्हटलं, "तू फॉर्मवर काय लिहिलंस?"

"मी नाही म्हटलं ना. आमच्याकडे कोणाला नाही. सासरे हार्टने गेले, बाकी सगळे ठणठणीत." ती हसली, आणि माझ्याकडे बघता बघता तिचं हसू गेलं. कागद तिच्यासमोरच होता. ती मूर्ख नव्हती. "मॅडम, म्हणजे त्या माझ्या मावश्या."

"हो. तुझ्या."

"पण माझा तर हिरवा आलाय."

"तो हिरवा कसा आला ते बघू आता," मी म्हटलं.

आधी गुरुवारचं ऑपरेशन थांबवायचं होतं. मी सर्जनला फोन लावला. व्हीयूएस आहे, हिस्टरी चुकीची आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, "रिपोर्टमध्ये हाय रिस्क लिहिलंय. मी काय जीन वाचत बसू?" मी म्हटलं, वाचता येत नसेल तर कापू नका. त्याने फोन ठेवला. मी लेटर दिलं, पण उलट लेटर दिलं. या रिपोर्टच्या आधारावर कुठलंही ऑपरेशन करणं चुकीचं आहे, खाली सही, शिक्का. एक प्रत दीपालीच्या हातात ठेवली. ऑपरेशन रद्द झालं.

मग कंपनी. फोनवर सीनियर मॅनेजर आला. आवाज अगदी लोण्यासारखा.

"मॅम, आमचा रिपोर्ट डायग्नोस्टिक नाहीये. वेलनेस प्रॉडक्ट आहे. पान सव्वीस बघा, सगळं क्लिअरली लिहिलंय."

"त्या वेलनेसवर बाईच्या ओव्हरीज काढणार होते."

"तो ट्रीटिंग डॉक्टरचा डिसिजन असतो, मॅम."

"डॉक्टर तुमचा पार्टनर आहे."

"मॅम, फॉर्म पेशंटने भरलाय. चुकीची माहिती पेशंटने दिली."

"तुमच्या फॉर्मवर रक्ताचं नातं हा शब्द कुठे आहे?"

त्याने पुन्हा पान सव्वीसचं नाव घेतलं. मग मी विचारलं, "हे सगळं तुम्ही कोणाच्या परवानगीने करता? लायसन्स कोणाचं?"

"मॅम, या टेस्टसाठी वेगळं लायसन्स लागतच नाही." त्याच्या आवाजात लाज नव्हती, मग्रुरीही नव्हती. तो मला माहिती देत होता.

मी दोन दिवस कायदे चाळले. तो खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे पोटातल्या गर्भाची जेनेटिक तपासणी करायची असेल तर कडक कायदा आहे. मुली जन्माआधीच मारल्या जात होत्या म्हणून तो आला, आणि यायलाच हवा होता. आमच्या हॉस्पिटलात त्यासाठी नोंदणी आहे, दर महिन्याचे फॉर्म आहेत, अचानक तपासणी आहे. एकदा तर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' या बोर्डाची अक्षरं लहान म्हणून आम्हाला लेखी समज मिळाली होती. नवा बोर्ड लावला. तक्रार नाही माझी. पण जिवंत, चालत्याबोलत्या बाईची जीन्स तपासून तिला लाल-हिरवा गोल द्यायचा असेल तर विचारणारं कोणी नाही. दर्जाचं प्रमाणपत्र आहे, पण ते ऐच्छिक. घ्या, नाहीतर नका घेऊ. लालबागच्या मार्केटात बटाटे विकणाऱ्याच्या काट्यावर दरवर्षी सरकारी शिक्का लागतो. शिक्का नसेल तर काटा उचलून नेतात. बाईच्या ओव्हरीज ठेवायच्या की काढायच्या हे सांगणाऱ्या काट्याला शिक्काच नाही.

मी सरकारकडे पाठवायची तक्रार लिहिली आणि आधी आमच्या मेडिकल डायरेक्टरांकडे घेऊन गेले. सबनीस सर. माणूस वाईट नाही. पण रिटायरमेंटला दीड वर्ष उरलंय.

त्यांनी दोन्ही पानं वाचली. "बरोबर आहे सगळं. पण लेटरहेडवर नको."

"का, सर?"

"पर्सनल कपॅसिटीमध्ये द्या ना. कंपनीचं आपल्याशी काही बोलणं चालू आहे. सॅम्पल प्रोसेसिंगचं."

"कोणत्या कंपनीचं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "हीच."

"म्हणजे उद्या ही थुंकी आपल्याच लॅबमध्ये येणार?"

"तुम्ही उगाच भावनिक होताय."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. पुरुषाने आवाज चढवला तर तो स्पष्टवक्ता, आणि मी चढवला तर भावनिक. मी म्हटलं, "सर, आठवडाभरात एक बाई कायमची वांझोटी झाली असती आणि आपल्या सहीने झाली असती. मी भावनिक नाही. मला राग आलाय." तक्रार मी माझ्या नावाने, माझ्या घरच्या पत्त्यावरून पाठवली. एवढ्यासाठी नोकरी सोडायची माझी ऐपत नव्हती, हेही सांगून टाकते.

नुसती पाठवून भागणार नाही, हे माहीत होतं. म्हणून एका सरकारी कार्यालयात प्रत्यक्ष गेले. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण तिथले साहेब सज्जन होते आणि दोष त्यांचा एकट्याचा नाही. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला.

"बाई गरोदर होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आमच्याकडे येत नाही ते."

"गरोदर असती तर आलं असतं?"

"तर लगेच कारवाई केली असती. मशीन सील केलं असतं." ते खरोखर हळहळत होते. "तुम्ही असं करा, औषधांच्या लोकांकडे जा."

औषधांचे लोक म्हणाले, हे औषध नाही. ते म्हणाले, डॉक्टरांच्या कौन्सिलकडे जा. तिथे कळलं की कंपनी डॉक्टर नाही, सर्जनविरुद्ध तक्रार करता येईल, पण ऑपरेशन झालेलंच नाही तर नुकसान काय दाखवणार? एकजण तर म्हणाले, "आपण वेळेत थांबवलंत हे उत्तम केलंत." म्हणजे बाईचं वाटोळं झालं असतं तर केस पक्की झाली असती. मी तिथून बाहेर पडले आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर येऊन बसले. समोर नेट्समध्ये मुलं बॅटिंग करत होती. मला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं.

इकडे आमचं काम चालू होतं. दीपालीच्या आईला चेंबूरहून बोलावून रक्त घेतलं. तोच बदल तिच्यात सापडला. वय एकसष्ट, तब्येत उत्तम. तिच्या आईचंही, म्हणजे दीपालीच्या आजीचं, रक्त आणवलं. म्हातारी पंच्याऐंशीची, अजून स्वतःची भाकरी स्वतः थापते. तिच्यातही तोच. जगभरातल्या नोंदी तपासल्या, तर हा बदल निरोगी माणसांत भरपूर सापडत होता. मोठा कांदा होता, बाकी काही नाही. मी दीपालीला फोन करून सांगितलं. तिने मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे ट्रीटमेंट परत चालू करू?" मी म्हटलं, आजच कर.

वैशालीचं तसं झालं नाही.

तिला आणि तिच्या आईला मी एकत्र बोलावलं. शालिनीबाई पासष्टीच्या, नऊवारीतल्या, मालवणी सोडून दुसरं काही न बोलणाऱ्या. मी बहिणींबद्दल विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. कोणाला कधी गाठ आली, कोणाच्या पोटात पाणी झालं, कुठल्या डॉक्टरने काय केलं. सगळं तोंडपाठ.

"शिबिरात हे का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"माका कोणी इचारल्यानच नाय," त्या म्हणाल्या. "पंचेचाळीसच्या वरच्यांका घेयत नव्हते. मी भायर बसान चपला सांभाळी होतंय."

ज्या एका बाईला सगळं माहीत होतं, ती हॉलच्या दारात बसून चपला राखत होती.

वैशालीचा हिरवा रिपोर्टही मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यांनी केलेली चाचणी जीनमधली अक्षरं एकेक करून वाचते. बारीक फरक तिला दिसतात. पण कधी कधी जीनचा एक मोठा तुकडाच गहाळ असतो. वहीतलं पानच फाटलेलं असलं आणि तुम्ही उरलेली पानं तपासलीत तर चूक सापडणार नाही, तुम्ही म्हणाल वही ठीक आहे. त्यासाठी दुसरी, वेगळी चाचणी असते. दोन मावश्या पन्नाशीच्या आत गेल्या असं कळलं की कुठलीही शहाणी लॅब ती दुसरी चाचणी करतेच. पण फॉर्मवर 'नो' होतं. शेवटच्या पानावर तळाशी लिहिलेलंही होतं की मोठे तुकडे आम्ही तपासत नाही. वर मात्र ताटलीएवढा हिरवा गोल.

आम्ही ती चाचणी करून घेतली. तीन आठवडे लागले. ब्रॅका-वनमधला एक तुकडा गहाळ होता. शालिनीबाईंत आणि वैशालीत, दोघींत.

मी दोघींना लगेच एमआरआय करायला पाठवलं. वैशालीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. हाताला लागणार नाही एवढी, आत खोल. शालिनीबाईंच्या तपासणीत काही निघालं नाही. आई ठीक, लेक आजारी. असंही होतं, जीन असून सगळ्यांना होतोच असं नाही. पण हे त्या माउलीला समजावणं सोपं नव्हतं. त्या एकच म्हणत होत्या, माझ्याकडून गेला तिच्याकडे. मी तीनदा सांगितलं, यात कोणाचा दोष नसतो. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

वैशालीचं ऑपरेशन झालं, मग केमो. डॉक्टरांनी सांगितलं, लवकर सापडला, चांगलं होईल. डोक्याला रुमाल बांधून ती माझ्या खोलीत येऊन बसायची. एक दिवस म्हणाली, "मॅडम, त्या हिरव्या गोलाखाली सत्तर जणांनी हात जोडले होते. दीपालीला लाल आला नसता तर मी इथे आलेच नसते. मी तर फक्त सोबत आले होते."

तिचं बरोबर होतं. एका चुकीच्या लाल गोलामुळे चुकीचा हिरवा गोल सापडला. नशीब म्हणतात ते हेच असेल, तर सरकारने आपल्या बायका नशिबावर सोडल्यात असं सरळ म्हणा ना.

त्याच सुमारास माझ्या तक्रारीचं उत्तर आलं. एक पान. वैशाली समोर बसली होती, तिने हातातून घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "सदर बाब या कार्यालयाच्या कार्यकक्षेत येत नाही. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे." तिने कागदाची व्यवस्थित घडी घातली. "निकाली काढली म्हणजे काय? संपली?"

"संपली."

"कंपनीने काय केलं?"

कंपनीने फॉर्मवर एक ओळ वाढवली होती. दिलेल्या माहितीच्या अचूकतेची जबाबदारी ग्राहकाची राहील. आणि शिवडीत पुढचं शिबिर लावलं होतं. मी ते तिला सांगितलं.

वैशालीने तिखट आवाजात दोन शिव्या हासडल्या. मी अडवलं नाही, मलाही त्याच द्यायच्या होत्या. मग ती म्हणाली, "लाल आलेल्या बायका तरी कुठेतरी विचारायला जातील. हिरव्यावाल्या? त्या तर पेढे वाटून मोकळ्या झाल्या. त्यांना कोण सांगणार?"

कोणीच नाही. कंपनीने सांगायला हवं, ती सांगणार नाही. तिला सांगायला लावेल असं कोणी नाही.

"हॉलमधल्या सगळ्याजणी मला माहीत आहेत," वैशाली म्हणाली. "माझं माहेर आहे ते. मीच हळदीकुंकवाला बोलावते सगळ्यांना."

कोणाचा रिपोर्ट काय आला हे मला विचारायचं नव्हतं, तो त्यांचा खाजगी मामला. मी फक्त प्रश्न बदलून दिला. एका कागदावर मराठीत लिहिला, मोठ्या अक्षरात. तुमच्या आईच्या किंवा वडिलांच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे तुमच्या माहेरच्या माणसांत, कोणाला स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला होता का? झाला असेल तर हिरवा रिपोर्ट बाजूला ठेवा आणि भेटायला या. खाली माझी वेळ. यासाठी कायदा लागला नाही, लायसन्स लागलं नाही, सॉफ्टवेअर लागलं नाही. एक झेरॉक्सवाला लागला.

एका रविवारी सकाळी आम्ही तिघी निघालो. वैशाली पुढे, दीपाली कागदांचा गठ्ठा घेऊन, मी मागे, गुडघे सांभाळत. पहिल्या चार दारांत काही निघालं नाही. चहा मात्र चार वेळा झाला. पाचव्या दारात साधारण तिशीची बाई होती, कडेवर मूल. वैशालीने प्रश्न विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आमच्या घरात नाही हो कोणाला. माझा हिरवा आला होता."

"सासरचं नको सांगूस," वैशाली म्हणाली. "माहेर कुठलं तुझं?"

"वेंगुर्ला."

"तिकडे कोणाला होता?"

ती बाई वैशालीच्या रुमालाकडे बघत होती. तिने मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "आईला," ती म्हणाली. "आई गेली माझी त्यातच. पण ती माहेरची ना."

मी तिच्या उंबऱ्यावरच बसले, पिशवीतून कोरा कागद काढला आणि तिचा गोल काढला. मग त्याच्या वर तिच्या आईचा.